१३५० ग्रॅमचं मॉडेल विमान उचलत नाही: इंजिन मोठं करावं का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र करतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. रिमोटवर उडणारं वरपंखी ट्रेनर, म्हणजे पंख धडाच्या वर असलेलं शिकाऊ विमान, पंखांचा विस्तार १२० सें.मी., रुंदी २० सें.मी. इंजिन २.५ सी.सी. ग्लो (मिथेनॉलवर चालणारं), प्रॉपेलर ८×४ (व्यास ८ इंच, पिच ४ इंच). फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ३ मि.मी. प्लायच्या, जोड अराल्डाइटचे, वरून ऑइल पेंट. स्टँडर्ड आकाराचे चार सर्व्हो (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरी). चार एए सेलचा पॅक नाकात, म्हणून इंधनाची टाकी मागे पंखाखाली. एवढं करूनही शेपूट खाली जाते म्हणून नाकात ८५ ग्रॅम शिसं. इंधन न भरता एकूण १३५० ग्रॅम. एप्रिलच्या दुपारी इंदूरजवळच्या मोकळ्या शेतात लांबलचक धावून ते उचलतं आणि लगेच डावा पंख टाकतं. एकदा वर गेलंच, तर नाक उचलताच इंजिन बंद. आणि प्रश्न असा की, ४ सी.सी.चं इंजिन बसवू का?

नका बसवू. तुम्हाला या दोन वेगळ्या तक्रारी वाटताहेत, पण दोन्हींचं मूळ एकच आहे आणि ते शेपटीत आहे. शेपूट जड झाली म्हणून बॅटरी नाकात गेली. बॅटरीनं जागा घेतली म्हणून टाकी मागे सरकली. टाकी मागे गेली म्हणून चढताना इंजिनाला इंधन पोचत नाही. तोल तरीही साधला नाही म्हणून शिसं आलं, शिशानं वजन वाढलं आणि वजनामुळे पंख कमी पडू लागला.

आधी हिशेब. तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ १२ डेसिमीटर गुणिले २, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. १३५० भागिले २४ केले तर दर चौरस डेसिमीटरवर ५६ ग्रॅम भार येतो. या आकाराच्या शिकाऊ विमानाला ३५ ते ४२ चालतो. ४५ च्या पुढे विमान उडतं, पण शिकणाऱ्याच्या हातात राहत नाही. साध्या सपाट तळाच्या पंखाला इंदूरच्या उन्हाळी हवेत ५६ च्या भाराला स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलून धरू शकत नाही) ताशी सुमारे ३५ कि.मी. पडतो. विमान ९०० ग्रॅमचं असतं तर तोच २८-२९ असता. फरक सहा-सात किलोमीटरचा दिसतो, पण उचलण्यासाठी स्टॉलच्या वर निदान वीस टक्के वेग हवा, म्हणजे तुम्हाला ४२ च्या पुढे जायला हवं. ढेकळांच्या जमिनीवर छोट्या चाकांनी तो वेग गाठता येत नाही. मग तुम्ही ३६-३७ ला एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलणारी पट्टी) ओढता, विमान जेमतेम सुटतं, इंजिनाचा पीळ त्याला डावीकडे लोटतो आणि त्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो.

आता हवेबद्दल, कारण इथे पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर ठरतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास विरळ असते, आणि इथल्याच जानेवारीतल्या सकाळपेक्षा दहा टक्क्यांनी. यात फसवणूक अशी की टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) काहीच दाखवत नाही. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, पण प्रॉपेलरवरचा भारही त्याच प्रमाणात घटतो, म्हणून फेरे जवळजवळ तेवढेच दिसतात. ओढ मात्र कमी होते. ८×४ प्रॉपेलर मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर प्रमाणित हवेत साधारण ८५० ग्रॅम ओढतो, तर तुमच्या त्या दुपारी जेमतेम ७३०. फेरे बरोबर आहेत म्हणून इंजिन निर्दोष आणि मग दोष ताकदीचाच, असा तर्क केला असेल तर तो इथे चुकतो. हेच विमान जवळजवळ समुद्रसपाटीला असलेल्या वडोदऱ्याला डिसेंबरच्या सकाळी नेलं तर कदाचित उचलेलही. तरी उतरताना ते तितकंच आडदांड राहील.

मोठ्या इंजिनाच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे, तो लपवत नाही. नाकात ८५ ग्रॅम शिसं आहेच. त्याऐवजी तेवढ्यानं जड इंजिन बसवलं तर वजन न वाढता ताकद मिळते. गणित बरोबर आहे. विमान उचलेल, चढेल. पण स्टॉलचा वेग ३५ चा ३५ च राहील. शिवाय मोठी टाकी आली, तिच्यातलं जास्तीचं इंधन आलं, आणि त्यांना जागा पुन्हा मागेच. इंजिन बंद पडलं की, आणि शिकताना ते पडतंच, हातात उरतं ते १३५० ग्रॅमचं ग्लायडर.

मग जास्तीचं वजन आहे कुठे? या आकाराचं सुटसुटीत विमान असं भरतं: इंजिन मफलरसकट १९०, माउंट, प्रॉपेलर आणि बोल्ट मिळून ४५, टाकी आणि नळ्या २०, सर्व्हो-रिसीव्हर-बॅटरी-स्विच १२५, पुशरॉड (सर्व्होची हालचाल पोचवणाऱ्या काड्या) २०, चाकं आणि तारा ८०, आच्छादनासह पंख २२०, फ्यूजलाज १७०, शेपूट ४०. बेरीज ९१०. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: सर्व्हो १२० ग्रॅम जास्त, बॅटरी ६० जास्त, प्लाय आणि अराल्डाइट मिळून १०० जास्त, शेपूट ३०, रंग ४०, शिसं ८५. ही बेरीज ४३५ होते आणि तुमच्या आकड्याशी जुळते. तरी माझ्या अंदाजावर विसंबू नका. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, सुटं होईल ते सगळं सुटं करा आणि प्रत्येक भागाचं वजन त्याच भागावर पेन्सिलनं लिहा.

सगळ्यात आधी शेपूट, जास्तीचं वजन तिथे सर्वात कमी असलं तरी. गुरुत्वमध्यापासून शेपूट साधारण ५८ सें.मी. मागे, तर नाकातलं शिसं साधारण २० सें.मी. पुढे. म्हणून शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात जवळजवळ तीन ग्रॅम लागतात. शेपटीतले जास्तीचे ३० ग्रॅम एकटेच ८७ ग्रॅम शिसं मागतात, म्हणजे विमान ११७ ग्रॅमनं वाढतं. उलट मार्गही तसाच: ३० काढले की ११७ उतरतात. बाकी कुठल्याच भागात एवढा परतावा मिळत नाही.

तुमची शेपूट ३ मि.मी.च्या सलग पाट्यांची दिसते. ४८ बाय १३ सें.मी.ची अशी आडवी शेपूट मध्यम बल्साची (बल्सा म्हणजे अतिशय हलकं लाकूड) असेल तर ३० ग्रॅम भरते, हलक्या बल्साची असेल तर १९. कडक बल्सा निघाला तर ४० च्या वर. बल्साचं वैशिष्ट्यच हे की एकाच गठ्ठ्यातल्या दोन पाट्या दुप्पट फरकाच्या निघतात. १०० मि.मी. रुंद, ९१५ लांब, ३ मि.मी. जाड पाटी २७ ग्रॅमची असेल तर ती शेपटीसाठी ठेवा, ४४ ची असेल तर फ्यूजलाजसाठी, ५५ च्या वरची स्पारसाठी (पंखाच्या आतल्या कण्यासाठी) पट्ट्या कापायला. दुकानात काटा घेऊन जायला लाजू नका. आपल्याकडे बल्सा बाहेरून येतो आणि महाग पडतो, पैसे मोजून वजन कशाला आणायचं? त्यापेक्षा चांगला उपाय सांगाड्याची शेपूट: ५ मि.मी. जाड, ६ ते ८ मि.मी. रुंद हलक्या बल्साच्या पट्ट्यांची चौकट, आत तिरप्या आडपट्ट्या, कोपऱ्यांत छोटे त्रिकोण, वर इस्त्रीनं चिकटणारी फिल्म. आडवी शेपूट १२-१३ ग्रॅममध्ये होते. मागच्या कडेला पतंगाची बांबूची कामटी तासून चिकटवली तर कड दबत नाही आणि वजन दोन ग्रॅमही वाढत नाही. कामटी एकसारखी वाकणारी हवी, गाठ असेल तर कड वेडी होते.

दुसरं, फ्यूजलाजचा मागचा भाग. ३ मि.मी. प्लायच्या ४५ सें.मी. लांब आणि सरासरी ६ सें.मी. उंच अशा दोन बाजू शंभर ग्रॅमच्या पुढे जातात. तेच बल्साचं वीस-बावीस ग्रॅममध्ये होतं. नवं बांधायचं असेल तर प्लाय फक्त फायरवॉलपासून (इंजिन ज्यावर बसतं त्या पाटीपासून) पंखाच्या मागच्या कडेपर्यंत वापरा, तोही १ ते १.५ मि.मी., बल्साच्या आतल्या अंगाला चिकटवून. सध्याचंच वाचवायचं असेल तर पंखाच्या मागे दोन्ही बाजूंना त्रिकोणी खिडक्या कापा. चहूबाजूंनी आणि दोन खिडक्यांमध्ये १० मि.मी. काठ ठेवा, कोपरे टोकदार न ठेवता ड्रिलनं गोल करा, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते. रंग तिथे आधीच खरवडा आणि खिडक्यांवरून फिल्म लावा. यात पन्नास ग्रॅम सहज जातात. पंखाच्या मागच्या कडेच्या पुढे मात्र करवत लावू नका. उतरताना सगळा धक्का तोच भाग खातो.

सर्व्हो आणि बॅटरी सोपं काम आहे. स्टँडर्ड सर्व्हो ४० ग्रॅमच्या आसपास, मायक्रो १२ च्या आसपास. या वेगाला आणि या आकाराच्या कंट्रोल पृष्ठांना मायक्रोची ताकद पुरते. फक्त ग्लो इंजिनाचा कंप प्लास्टिकचे दाते खातो, म्हणून एलिव्हेटरला धातूच्या दात्यांचा घ्या. एक-दोन ग्रॅम जड पडला तरी हरकत नाही. जुन्या मोठ्या चौकटीत २ मि.मी. प्लायची पट्टी बसवून तिच्यात नवा सर्व्हो कसता येतो. बॅटरीला चार एएए निकेल-मेटल सेल, ७५० ते ८०० एमएएच, साधारण ५० ग्रॅम. दोन-तीन उड्डाणांनंतर व्होल्टेज तपासायचं. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) याहून हलकी पडते, पण ती थेट लावू नका. बहुतेक छोटे सर्व्हो ६ व्होल्टच्या वर टिकत नाहीत. मध्ये ५ व्होल्टचा रेग्युलेटर हवाच.

गोंदाचं सांगतो, कारण इथे बहुतेकजण वजन न कळत ओततात. अराल्डाइट फक्त फायरवॉल, चाकांच्या तारेचा ठोकळा आणि पंखाचा मधला जोड, एवढ्यालाच. बाकी बल्साला बल्सा जोडायला पातळ सायनो (सुपरग्लू) किंवा फेविकॉल. फेविकॉलमधलं पाणी उडून जातं, अराल्डाइटमधलं काहीच उडत नाही. ओतलं तेवढं वजन राहतं. फेविकॉलचा दोष असा की वाळल्यावर तो चिवट राहतो आणि पॉलिश पेपरला गोळा होतो, म्हणून बाहेरच्या दिसणाऱ्या जोडाला सायनो बरा. थर्माकोलच्या गाभ्याचा पंख असेल तर साधा सायनो त्याला विरघळवतो, तिथे फेविकॉल किंवा अराल्डाइटच.

ऑइल पेंट पुन्हा करू नका. वजन जातंच, शिवाय ग्लो इंधनातलं मिथेनॉल आणि नायट्रो तो रंग काही दिवसांत मऊ करतं. इस्त्रीनं चिकटणारी पॉलिएस्टर फिल्म दर चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅम, हलकी जात ३५-४०. तुमच्या पूर्ण विमानाला ०.८ ते ०.९ चौरस मीटर लागेल. पॅकिंगची चिकटपट्टी स्वस्त म्हणून लोक लावतात. मागच्या भागाला चालते, पण इंजिनाजवळ तेलानं तिच्या कडा सुटतात. इंजिनामागची लाकडी पोकळी मात्र बंद करायला हवी, नाहीतर लाकूड तेल पितं, जड होतं आणि फायरवॉल सुटतो. तिथे अराल्डाइट थोडं कोमट करून एकच पातळ हात ब्रशनं द्या आणि जास्तीचं पुसून घ्या.

एवढं केलं तर सर्व्होचे १२०, बॅटरीचे ६०, शेपटीचे ३०, खिडक्यांचे ५० आणि शिशाचे ८५ असे ३४५ ग्रॅम जातात. नवं विमान न बांधता तुम्ही १००५ वर येता. भार ४२, स्टॉलचा वेग ३० च्या आसपास. रंग तसाच ठेवला तरी.

शिसं अंदाजानं काढू नका. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० ते ६० मि.मी. मागे हवा, पहिल्या उड्डाणाला ५२-५५ वर ठेवा, टाकी रिकामी असताना मोजा. आता बॅटरी छोटी आहे, तिला नाकातच असण्याची सक्ती नाही. टाकी फायरवॉलला लागून बसवल्यावर उरलेल्या जागेत बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधा आणि ती स्पंजमध्ये घट्ट अडकवा. वेल्क्रोच्या एका पट्टीवर भरवसा नको.

आता टाकी. नाक ४५ अंश वर गेलं की पंधरा सें.मी. मागे असलेली टाकी इंजिनाच्या दहा-अकरा सें.मी. खाली जाते. तेवढं इंधन ओढायला मफलरचा दाब अपुरा पडतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून बंद. टाकी फायरवॉलमागे आणली की ही उंची दोन-तीन सें.मी. राहते. टाकीची मध्यरेषा निडलच्या (इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या) पातळीला किंवा तिच्या ५ ते ८ मि.मी. खाली. भोवती मऊ स्पंज, कारण टाकी लाकडाला भिडली तर कंपानं इंधनाला फेस येतो आणि फेसानंही इंजिन असंच झटके देत मरतं. आतल्या लवचीक नळीचं वजनदार टोक टाकीच्या मागच्या भिंतीपासून थोडं सुटं आणि हलतं असावं. नळी सिलिकॉनची, वर्षातून एकदा बदलायची. निडलजवळ न दिसणारं बारीक छिद्र पडतं आणि तुम्ही उगाच निडल फिरवत बसता. ६० मि.ली. टाकी सहा-आठ मिनिटं देते, त्याहून मोठी नको. इंधनात एकूण तेल १८ ते २० टक्के आणि त्यात काही भाग एरंडेल असू द्या, विशेषतः इंजिन बॉल बेअरिंगऐवजी साध्या बुशिंगचं असेल तर. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. इंधन भरताना ग्लो प्लगची बॅटरी दूर ठेवा.

पंखाचा पीळही बघून घ्या, कारण वजन उतरल्यावरही डावा पंखच पडत राहिला तर दोष तिथे असेल. मागून पाहताना दोन्ही टोकांच्या मागच्या कडा मध्यापेक्षा ५ ते ७ मि.मी. वर आणि दोन्हीकडे सारख्या दिसायला हव्यात. एक कमी असेल तर पंख हातानं उलट पिळून धरा आणि दुसऱ्यानं फिल्मवर इस्त्री किंवा गरम हवा फिरवायची. निवेपर्यंत सोडायचा नाही. इंजिनाला दोन अंश उजवीकडे आणि दोन अंश खाली झुकाव नसेल तर माउंटखाली वॉशर घाला. आणि उचलताना पंख पडू लागला तर एलेरॉननं (पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्टीनं) सावरू नका, खाली गेलेला एलेरॉन तोच पंख आणखी स्टॉल करतो. आधी एलिव्हेटर सोडा, मग उलट बाजूचा रडर (उभ्या शेपटीची हलणारी पट्टी).

मैदानाबद्दल एकच: काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पुढचं चाक त्यांत रुततं. गहू निघाल्यावरच्या शेतात धावण्यापेक्षा चाकं काढून हातानं सोडणं बरं, ७०-८० ग्रॅम आणखी वाचतात. पण हे हजार ग्रॅमच्या खाली आल्यावरच, आणि फेकणारा वेगळा, कंट्रोलवर तुम्ही. वेळ सकाळी सात-आठची. विमानतळाच्या हद्दीपासून १२ कि.मी.च्या आत उडवण्यावर निर्बंध आहेत, आणि इंदूरचा विमानतळ शहराला इतका लागून आहे की त्यात बरंच शहर येतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची विमानंही येतात; जागा ठरवण्याआधी सरकारी हवाई नकाशा पाहा. महूकडे जायचं मनात असेल तर लष्करी हद्दीचंही भान ठेवा.

निडल असं लावा: पूर्ण थ्रॉटलवर फेरे कमाल होईपर्यंत हळूहळू बंद करा, मग ३०० ते ५०० फेरे उतरतील एवढं उघडा. विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करा आणि दहा सेकंद तसंच ठेवा. फेरे किंचित वाढले किंवा तसेच राहिले तर ठीक. खाली आले तर निडल आणखी दोन क्लिक उघडा. तरीही उतरले तर टाकीकडे परत जा, उडवू नका. ही जुळणी मेमध्ये केली असेल तर जानेवारीच्या सकाळी ती चालणार नाही. थंड हवा दाट असते, तेवढ्याच इंधनात मिश्रण पातळ पडतं आणि थंडीतही इंजिन जळतं. तेव्हा आधी तीन-चार क्लिक उघडून मग सुरू करा, आणि संक्रांतीच्या आठवड्यात मांजा खाली येईपर्यंत विमान घरातच ठेवा.